तिबेटचे शेल, सह्याद्रीची गार

खारघरमध्ये पूजासाहित्य, वास्तूचे उपाय आणि भेटवस्तू एकाच छपराखाली विकणारी दुकाने आता सेक्टरागणिक झाली आहेत. काउंटरवर तांब्याचे श्रीयंत्र, त्याच्या शेजारी पितळी कासव, मागे माळांचा घोस. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर मात्र वेगळा माल असतो: बोटभर लांबीचे टोकदार पारदर्शक खडे, हिरवट झाक असलेले चौकोनी झुबके, फिकट गुलाबी पंख्यासारखे काहीतरी. त्यातल्या एखाद्यावर ‘तिबेटी’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असली की भाव लगेच चढतो. हिमालयाचे नाव लागलेल्या वस्तूबद्दल घासाघीस करायला गिऱ्हाईकही जरा बिचकते.

आता त्याच दुकानाच्या पायरीवर उभे राहून समोर पाहावे. पांडवकड्याचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात तिथून पाणी कोसळते, वनखाते दरवर्षी बंदीचे फलक लावते आणि दरवर्षी कुणीतरी ते फलक ओलांडून जाते. हा डोंगर ज्या काळ्या पाषाणाचा आहे त्याच पाषाणाच्या पोटातून, म्हणजे पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगरकडच्या खाणी-विहिरींतून, कपाटातले ते हिरवट झुबके आणि गुलाबी पंखे निघतात. जगभरच्या स्फटिक-बाजारात अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट या नावांनी फिरणाऱ्या उत्तम नमुन्यांचा मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे. ज्याला तिबेटी म्हणून हात जोडले जातात त्याचे गाव कित्येकदा घाटावरचेच निघते.

म्हणजे तिबेटचा आणि स्फटिकाचा काही संबंधच नाही, असे मात्र नाही. संबंध आहे आणि तो जुना, खोल आहे. फक्त दुकानदार सांगतो तो नव्हे.

तिबेटी भाषेत स्फटिकाला ‘शेल’ म्हणतात. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून तिबेटीत नेण्याचा प्रचंड उद्योग आठव्या-नवव्या शतकात राजाश्रयाने चालला. अनुवादकांमध्ये एकवाक्यता राहावी म्हणून ‘महाव्युत्पत्ति’ हा संस्कृत-तिबेटी कोश तयार झाला, आणि त्यात ‘स्फटिक’ या शब्दासमोर ‘शेल’ बसला. हा शब्द देव्हाऱ्यात अडकून मात्र राहिला नाही. पुढे काच आली तेव्हा तिबेटी माणसाने तिलाही शेलच म्हटले. चष्म्याला तिबेटीत ‘मिग-शेल’ म्हणतात, म्हणजे डोळ्याचे शेल. ज्यातून आरपार दिसते ते शेल, इतका साधा हिशोब. मौल्यवान रत्नासाठी शब्द निराळे आहेत. ‘नोर्बू’ म्हणजे मणी किंवा रत्न, आणि ‘रिनपोछे’ म्हणजे अनमोल. हा दुसरा शब्द लामांच्या नावामागे लागतो आणि कैलास पर्वताच्याही. ‘गांग रिनपोछे’ म्हणजे हिमाचे अनमोल रत्न.

शेलच्या दोन पोटजाती मराठी माणसाला ऐकताक्षणी ओळखीच्या वाटतील. ‘मे-शेल’ म्हणजे अग्नीचे शेल आणि ‘छू-शेल’ म्हणजे पाण्याचे. संस्कृतातले सूर्यकांत आणि चंद्रकांत हेच. सूर्यकांत मण्यावर ऊन पडले की ठिणगी पडते आणि चंद्रकांताला चांदण्यात पाझर फुटतो, अशी जुनी समजूत. पहिल्या समजुतीत तथ्य आहे: बहिर्गोल घासलेला स्वच्छ स्फटिक भिंगाचे काम करतो आणि कापूस पेटवतो. दुसरी कवींना फार उपयोगी पडली. कोल्हापूरचे चंद्रकांत आणि सूर्यकांत मांढरे हे दोघे भाऊ मराठी पडद्यावर वर्षानुवर्षे गाजले. तिबेटी पंडिताला त्यांची नावे सांगितली असती तर त्याने ती बिनदिक्कत छू-शेल आणि मे-शेल अशी लिहून घेतली असती.

तिबेटमध्ये शेलला जो मान आहे तो त्याच्या स्वच्छतेमुळे. निंग्मा आणि बोन परंपरेत झोगछेन नावाची साधना आहे. तीत गुरू शिष्याला चित्ताच्या मूळ स्वरूपाची ओळख करून देताना स्फटिक वापरतो. स्फटिकाला स्वतःचा रंग नाही. लाल कापडावर ठेवला तर लाल दिसतो, निळ्यावर निळा. उन्हात धरला तर भिंतीवर रंग उमटतात, पण स्फटिकात शोधायला जावे तर रंग कुठेच नसतात. चित्ताचेही तसेच, असे गुरूला दाखवायचे असते. आपल्याकडच्या दर्शनांनाही हा दृष्टांत परका नाही. पतंजलीने निर्मळ झालेल्या चित्ताला अभिजात मण्याची उपमा दिली, आणि वेदान्तात तर जास्वंदीचे फूल शेजारी ठेवल्यावर लाल भासणारा स्फटिक इतक्यांदा येतो की त्या फुलाचीच दया यावी. भारतातून उत्तरेकडे गेलेल्या अनेक गोष्टींत हा दृष्टांत असणार. तिकडे गेल्यावर त्याने शिकवण्याच्या साहित्याचे रूप घेतले, हे विशेष.

तिबेटी वैद्यकातही शेल आहे. अठराव्या शतकात देउमार तेन्झिन फुन्त्सोक या वैद्याने औषधीद्रव्यांवर जो ग्रंथ रचला त्याच्या नावातच स्फटिकाचा गोळा आणि स्फटिकाची माळ आहेत. त्या परंपरेत खनिजे, रत्ने शुद्ध करून, कुटून औषधात घालतात. आपल्या रसशास्त्रातल्या भस्मांशी हे नाते जोडता येते. उशीखाली खडा ठेवून झोपले की पगारवाढ होते, हा शोध मात्र तिबेटी वैद्यांच्या खात्यावर घालता येत नाही. तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य शहरांत बहरलेल्या ‘न्यू एज’ बाजारातून आला आणि यथावकाश आपल्या मॉलमध्ये पोचला.

तिबेट पाहायला मराठी माणसाला हिमालय ओलांडण्याची गरज नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, १९७२ साली तिबेटी निर्वासितांची एक वसाहत उभी राहिली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. जवळच इटियाडोह धरण, आजूबाजूला नवेगावचे जंगल, धानाची शेती. वसाहतीचे नाव नोर्ग्येलिंग. त्यातला ‘नोर’ हा नोर्बूमधलाच. धन, रत्ने जिथे वाढीला लागतात ते स्थान, असा नावाचा अर्थ. घरदार सोडून आलेल्या, अंगावरच्या कपड्यांनिशी सीमा ओलांडलेल्या लोकांच्या वसाहतीला रत्नांचे नाव द्यावे, ही जिद्द कौतुकाची आहे. परिसरातले लोक तिला साधेपणाने तिबेटी कॅम्प म्हणतात. ठाण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत थंडीच्या तोंडावर लोकरी स्वेटरांचे जे तिबेटी बाजार लागतात, त्यांनी मराठी मध्यमवर्गाच्या कितीतरी पिढ्यांचे हिवाळे ऊबदार केले. तिबेट म्हटल्यावर स्वेटर आठवावा की स्फटिक, असे विचारले तर अनुभवाचा कौल स्वेटरकडेच जाईल.

आता सह्याद्रीकडे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या जागी जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. एकावर एक थर साचत गेले. पश्चिम घाटाजवळ त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. लाव्हात वायू असतो. थर थंड होताना हा वायू वर यायला बघतो आणि वरची साय घट्ट झाल्यामुळे तिथेच अडकतो, म्हणून थराच्या माथ्याकडच्या दगडाला तांदळाच्या घावनाला पडते तशी जाळी पडते. बहुतेक भोके वाटाण्याएवढी, काही मुठीएवढी, आणि क्वचित एखादी पोकळी अशी की तीत माणूस वाकून शिरेल.

पुढचे काम पाण्याचे. दगडातून झिरपणारे ऊन पाणी वाटेत सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवून घेते आणि पोकळीत आले की थेंबाथेंबाने खाली ठेवते. कधी आधी हिरव्या मातीचे पातळ अस्तर बसते, मग अकीकाचे किंवा स्फटिकाचे थर, त्यावर झिओलाइटचे झुबके, कधी सर्वांत वर अपोफिलाइटचे काचेसारखे चौकोन किंवा कॅल्साइटचा पिवळसर खडा. क्रम दर ठिकाणी बदलतो. पोकळी लहान असेल तर ती पुरी भरून जाते आणि काळ्या दगडावर पांढरे ठिपके दिसतात. खारघर-बेलापूरच्या डोंगरात चालणाऱ्यांच्या पायाखाली असे ठिपकेदार दगड हमखास येतात. पोकळी मोठी असेल आणि भरता भरता पाणी आटले तर आत मोकळी जागा उरते. या मोकळ्या जागेतच स्फटिकाला आपले कोन आणि कडा पूर्ण करता येतात.

मराठीत या वस्तूला फार जुने, घरगुती नाव आहे: गार, किंवा गारगोटी. चकमक झाडायला हिचाच तुकडा लागे. आकाशातून पडते तीही गार आणि शेताच्या बांधावर सापडते तीही गार. ग्रीकांनी स्फटिकाला बर्फाचेच नाव दिले होते, आणि रोमन लेखक प्लिनी तर स्फटिक म्हणजे फार कडक गोठलेले पाणी असे गंभीरपणे लिहून गेला. व्यवहारात मात्र मराठीने गारगोटीला हिऱ्याच्या विरुद्ध पारड्यात टाकले; हिरा म्हणून उचलावे आणि गारगोटी निघावी, ही फजितीची ठरलेली तऱ्हा. नौदलातून निवृत्त झालेले के. सी. पांडे यांनी सिन्नरला, नाशिक-पुणे रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत, २००१ साली खनिजांचे संग्रहालय उभे केले तेव्हा त्याला हेच नाव दिले, ‘गारगोटी’. दख्खनच्या पाषाणातून निघालेले झिओलाइट आणि त्यांचे सोबती इतक्या संख्येने आणि इतक्या देखण्या रूपात एकत्र पाहायला मिळणे दुर्मीळ आहे.

ही खनिजे जगाला कळली ती रेल्वेमुळे. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात खणला गेला. हजारो मजुरांनी सुरुंग लावून, पहारी मारून डोंगर फोडला. पटकी आणि तापाने त्यांतले कितीतरी मेले. त्या खोदाईत ज्या पोकळ्या उघडल्या त्यांतले अपोफिलाइटचे आणि स्टिल्बाइटचे नमुने युरोपच्या संग्रहालयांत जाऊन बसले. मजुरांची नावे कुठल्याच पेटीवर नाहीत. पुढे पुण्याच्या पाषाण टेकडीच्या खाणींतून गडद हिरवा अपोफिलाइट निघाला आणि संग्राहकांनी तो डोक्यावर घेतला. वाघोलीच्या खाणींची कथा आणखी निराळी. कॅव्हनसाइट हे निळेभोर खनिज आधी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडले होते, पण अगदी थोडे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव बेतलेले. नंतर वाघोलीत खडीसाठी दगड फोडताना तेच खनिज सापडले, पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळ्या गोंड्यांसारखे बसलेले, आणि तेव्हापासून उत्तम कॅव्हनसाइट म्हणजे वाघोली हे समीकरण पक्के झाले. पुण्याबाहेर वाघोलीची ओळख ट्रॅफिकपेक्षा या खनिजाने जास्त आहे, हे पुणेकरांना सांगितले तर ते वाद घालतील, पण खनिज-संग्राहकांच्या जगात तसेच आहे.

झिओलाइट हे नाव १७५६ साली स्वीडनच्या अक्सेल क्रोनस्टेट याने ठेवले. दगड तापवला तर त्यातून पाणी उकळल्यासारखे बाहेर पडते, म्हणून ‘उकळता दगड’. त्याच्या रेणूरचनेत सूक्ष्म दालने असतात. काही रेणूंना ती आत घेतात, काहींना दारातच अडवतात. प्रयोगशाळेत बनवलेले झिओलाइट याच गुणामुळे जड पाणी मऊ करतात. २०२१च्या कोविड-लाटेत घरोघरी ज्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी धावाधाव झाली, त्यांच्या पोटात झिओलाइटच होते. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देते. दगडाने माणूस वाचवल्याचे उदाहरण हवे असेल तर ते इथे आहे, आणि त्यासाठी तो गळ्यात बांधावा लागला नाही.

स्फटिक आणि बौद्ध श्रद्धा यांची गाठ तिबेटच्याही आधी कोकणात पडलेली होती. नालासोपाऱ्याजवळ ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचा उंचवटा होता. १८८२ सालच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत विटांचा स्तूप होता. स्तूपाच्या मधोमध दगडी पेटी निघाली. तीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात हिरवट दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याची तेरा बारीक खापरे होती; बुद्धाच्या भिक्षापात्राचे हे तुकडे, अशी ते पुरणाऱ्यांची श्रद्धा. जोडीला सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे. हा सारा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

या रचनेकडे जरा थांबून पाहायला हवे. तांबे, चांदी, दगड, स्फटिक, सोने अशी चढती भाजणी लावून सर्वांत आत काय ठेवले, तर कुंभाराच्या हातचे खापर. आणि सोन्याच्या लगत बाहेर स्फटिक आहे, म्हणजे सोने झाकलेही जाते आणि दिसतही राहते. कारागिराच्या बाजूने पाहिले तर हे काम सोपे नव्हते. कठीणपणाच्या मोजपट्टीवर स्फटिकाचा क्रमांक सातवा. लोखंडी छिन्नीने तो कोरता येत नाही, ठोका जास्त बसला तर तडकतो. कुरुंदाची पूड, पाणी आणि अमर्याद चिकाटी यांनीच तो आतून पोखरावा लागतो. आंध्रातल्या भट्टिप्रोलूला आणि उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा येथेही स्फटिकाचे करंडक निघाले. पिप्रहव्याच्या करंडकाच्या झाकणावर तर स्फटिकाचाच मासा आहे. १८९८ साली पिप्रहव्याच्या त्या स्तूपात सापडलेल्या रत्नांचा एक भाग खोदकाम करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या वंशजांकडे होता. २०२५ साली तो हाँगकाँगमध्ये लिलावाला निघाला, भारत सरकारने हरकत घेतली, आणि अखेर गोदरेज समूहाच्या मदतीने ती रत्ने जुलैत भारतात परतली.

स्फटिकाच्या ‘ऊर्जे’चा प्रश्न टाळून हा विषय पुढे नेता येणार नाही, कारण खारघरच्या दुकानातला पहिला प्रश्न तोच असतो. विक्रेते हल्ली घड्याळाचा दाखला देतात: क्वार्ट्झ घड्याळ स्फटिकावर चालते, म्हणजे स्फटिकात कंपने आहेत. अर्धे खरे आहे. पियर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले की स्फटिकावर दाब दिला तर त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. उलटही घडते, वीज दिली की स्फटिक कंप पावतो. मनगटी घड्याळातली स्फटिकाची बारीक पट्टी सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते आणि त्या मोजणीवर काटा सरकतो. १९६९ साली जपानच्या सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. पण या थरथरीमागे बॅटरी असते. बॅटरी संपली की घड्याळ बंद पडते आणि स्फटिक मुकाट बसून राहतो. कपाटातल्या खड्याला बॅटरी नाही.

श्रद्धेने माळ घेणाऱ्याला निदान माळ तरी खरी मिळावी. बाजारात स्फटिकाच्या नावाने काच सर्रास विकली जाते. भिंगातून पाहिले तर काचेत गोल बुडबुडे सापडतात. स्फटिकात दिसतात ते धुरकट पदर किंवा बारीक तडे. स्फटिक हाताला काचेपेक्षा गार लागतो, कारण तो उष्णता लवकर ओढून घेतो. आणि स्फटिकाने काचेवर ओरखडा उठतो. ही शेवटची कसोटी दुकानदाराच्या कपाटावर करू नये.

नवी मुंबई हे शहर दगड फोडून उभे राहिले. तुर्भे-पावण्याच्या खाणींनी त्याला खडी पुरवली, विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी सपाट केली, आणि खारघर-तुर्भे जोडरस्त्यासाठी सिडकोने डोंगरातून बोगदा हाती घेतला आहे. खाणीत पोकळी उघडते तेव्हा तिचे काय होते हे तिथे कोण हजर आहे त्यावर ठरते. पुणे-नाशिककडे वर्षानुवर्षांच्या व्यापाराने मजुरांच्या नजरा तयार झाल्या. वडार समाजातला जाणता माणूस सुरुंगानंतर आधी पोकळीत हात घालतो, झुबका कागदात गुंडाळतो आणि मग दगड क्रशरकडे जाऊ देतो. जिथे ही साखळी नाही तिथे सगळेच खडीत जाते आणि स्लॅबमध्ये बसते. पाषाणच्या टेकडीभोवती पुणे वाढले, वाघोलीलाही इमारतींनी वेढले, आणि जुन्या संग्रहांतल्या तिथल्या नमुन्यांना आता दुर्मिळाचा भाव येतो.

पुढील लेखांत हा विषय खाणीपासून सुरू होतो. आधी सह्याद्रीच्या पोटातल्या पोकळ्या आणि त्या उघडणारी माणसे, मग खंबायतचे अकीक-कारागीर आणि पैठणहून भडोचला गाड्या भरून जाणाऱ्या दगडाचा दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार, आणि त्यानंतर तिबेट: डोळ्यांसारखी वर्तुळे असलेले ‘झी’ मणी, वैद्यांच्या खलातले शेल आणि गुरूच्या हातातला स्फटिक. ज्यांना घाई आहे त्यांनी सोपाऱ्याचे प्रकरण आधी वाचायला हरकत नाही. खोदलेला स्तूप नालासोपारा स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि तिथे सहसा गर्दी नसते.